नसत्या उठाठेवी

पॅरिसच्या पोलीस खात्यात जोसेफ देमरी नावाचा एक इन्स्पेक्टर होऊन गेला. चोर, खिसेकापू, खुनी ही मंडळी इतरांच्या वाट्याला. याच्याकडे लेखक सोपवले होते. १७४८ ते १७५३ या काळात त्याने सुमारे पाचशे लेखकांची दप्तरं तयार केली. प्रत्येकाला एक छापील कागद, कागदावर सहा रकाने : नाव, वय, गाव, वर्णन, पत्ता, इतिहास. कारकुनी काम, पण देमरीमधला लेखक मधूनच जागा व्हायचा. व्होल्तेर उंच आणि वाळका, दिसायला थेट ग्रीक पुराणातला बोकडपाय्या वनदेव. बुद्धी गरुडाची, मतं मात्र वाया गेलेली, असा त्याचा शेरा. दिदेरो मध्यम उंचीचा, चेहऱ्याने बरा सभ्य. पोरगा हुशार, पण भारी धोकादायक. दोन ओळींत माणूस उभा! आमच्याकडे व्यक्तिचित्राला पंधरा पानं लागतात आणि एवढं करून माणूस बसलेलाच राहतो.

तेव्हा मी देमरीचाच कागद पुढे ओढतो. फरक इतकाच की मला एक माणूस नाही, एक जात टिपायची आहे. अठराव्या शतकात ती पॅरिसात फोफावली. फ्रेंच लोक या जातीच्या माणसाला 'फिलोझोफ' म्हणत. मराठीत तत्त्वज्ञ म्हणावं तर पंचाईत होते. तत्त्वज्ञ म्हटलं की आपल्यापुढे गुहा, दाढी, कंदमुळं आणि मौन उभं राहतं. हा प्राणी नेमका उलट. दाढी गुळगुळीत, डोक्यावर पावडर फासलेला केसांचा टोप, गुरुवारचं जेवण एकीकडे ठरलेलं, बुधवारचं दुसरीकडे. मौन त्याला मेल्यावर जमलं, तेही नीट नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

या जातीची सगळ्यात नेटकी व्याख्या केली ती एका काचवाल्याच्या बायकोने. १७१७ सालच्या नोव्हेंबरात पॅरिसातल्या सँ-झाँ-ल-राँ नावाच्या चर्चच्या पायरीवर एक तान्हं मूल सापडलं. आई मोठ्या घरातली, थोरामोठ्यांच्या बैठकी भरवणारी. तिला हे मूल नको होतं. काचवाल्याच्या बायकोने ते वाढवलं. चर्चचं नाव मुलाला लागलं : झाँ ल राँ दालांबेर. पोरगा पुढे युरोपातल्या पहिल्या पंगतीचा गणिती झाला, विज्ञान अकादमीत गेला, आणि तरीही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याच माउलीच्या घरी राहिला. तिला त्याच्या गतिशास्त्राचं जराही कौतुक नव्हतं. तू आपला फिलोझोफच राहणार, असं ती त्याला ऐकवायची. आणि फिलोझोफ म्हणजे कोण, तर मेल्यावर लोकांनी नाव काढावं म्हणून जिवंतपणी जिवाचे हाल करून घेणारा वेडा.

ही बाई आपल्या सदाशिव पेठेत असती तर तिने इतकंही सांगितलं नसतं. "नसत्या उठाठेवी!" एवढं पुटपुटून ती आत निघून गेली असती. आणि माझ्या मते तेच जास्त नेमकं झालं असतं. मेल्यावर नाव निघावं ही हाव सरदारांना असते, कवींना असते, पुलांची कंत्राटं घेणाऱ्यांनाही असते. याचं दुखणं निराळं. ज्या गोष्टीशी आपला सुतराम संबंध नाही, तिच्यात हात घातल्याशिवाय याला अन्न गोड लागत नाही. मोजे कसे विणतात, धूमकेतू कसा फिरतो, देव आहे का, पावाचा भाव का वाढला, आणि शेजारच्या राज्यात कोणा म्हाताऱ्याला फाशी का दिली? सगळीकडे हा हजर.

पहिला रकाना नावाचा. तिथेच देमरीला घाम फुटला असणार. कारण या जातीचं पुस्तक बाजारात येतं, लेखक मात्र कधीच सापडत नाही. 'व्होल्तेर' हेच मुळी घेतलेलं नाव. बापाकडून आलेलं आडनाव आरुए. तेही नाव पुस्तकावर घालायची याची तयारी नसायची. त्याची टोपणनावं मोजणारे शंभराच्या पुढे जातात. १७५९ साली 'काँदीद' निघालं ते कोणा डॉक्टर राल्फच्या जर्मन पुस्तकाचा अनुवाद म्हणून. हे पोरकट पुस्तक माझं म्हणणाऱ्यांचं डोकं फिरलंय, असं तो पत्रांतून कळवत राहिला. बॅरन दोलबाक त्याच्याही वरताण. १७७० साली त्याने 'निसर्गाची व्यवस्था' हा जाडजूड ग्रंथ छापवला. देव नाही, आत्मा नाही, आहे ते नुसतं द्रव्य आणि त्याची हालचाल, हा त्यातला विचार. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव टाकलं मिराबोचं. हा मिराबो फ्रेंच अकादमीचा चिटणीस. तो दहा वर्षांपूर्वीच वारला होता. मेल्यावर माणसाचं काहीही उरत नाही, हे सांगायला एका मेलेल्या माणसाला कामाला लावलं!

या लपाछपीत गंमत होती, पण ती गमतीपुरती नव्हती. सरकारला न रुचलेलं पुस्तक न्यायालयाच्या पायऱ्यांपाशी, रीतसर, जल्लादाच्या हातून जाळलं जाई. व्होल्तेरची इंग्लंडवरची पत्रं १७३४ साली अशी जळली. पुस्तकावर भागलं तर नशीब. १७६६ साली अबव्हील गावी शेव्हालिये द ला बार या विशीतल्या पोराचं डोकं उडवलं. गुन्हा काय, तर धर्माच्या मिरवणुकीपुढे टोपी काढली नाही आणि असलेच काही वात्रटपणे केले. त्याच्या देहाबरोबर व्होल्तेरचा 'तात्त्विक कोश' आगीत टाकला, कारण तो पोराच्या घरात मिळाला होता. मग 'ते पुस्तक माझं नव्हेच' हे वाक्य वाचताना हसू जरा आवरतं घ्यावं लागतं.

वय आणि गाव हे रकाने भरभर उरकतो. दिदेरो लांग्र गावच्या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्याचा मुलगा, रूसो जिनिव्हातल्या घड्याळजीचा, दोलबाक जन्माने जर्मन. अस्सल पॅरिसकर फार थोडे. राजधानीत येऊन राजधानीच्या लोकांना कसं जगावं हे शिकवणारे बहुधा बाहेरगावचेच असतात. हे पुण्या-मुंबईला वेगळं सांगायला नको.

देमरीच्या कागदात उत्पन्नाचा रकाना नाही, ही मोठी चूक आहे. बुद्धिवादाने सर्वांत आधी कोणाचं भलं केलं असेल तर ते व्होल्तेरचं. १७२९ च्या सुमारास फ्रान्सच्या खजिन्याने एक लॉटरी काढली. ला काँदामिन नावाच्या गणितीच्या ध्यानात आलं की सगळीच्या सगळी तिकिटं घेऊन टाकली तरी बक्षिसांची बेरीज खर्चाहून मोठी भरते. त्याने आणि व्होल्तेरने भागीदार जमवले आणि तिकिटं उचलायला सुरुवात केली. सरकार संतापून कोर्टात गेलं आणि हरलं. यांनी कायदा कुठे मोडला होता? सरकारला बेरीज येत नव्हती, एवढंच. व्होल्तेर जन्मभर कोणाच्या दाराशी पैशासाठी उभा राहिला नाही. राजांना तो पैसे व्याजाने द्यायचा.

दिदेरोला असली अक्कल नव्हती. मुलगी मोठी झाली, हुंड्याची सोय करायची, म्हणून १७६५ साली त्याने आपली पुस्तकं विकायला काढली. रशियाच्या कॅथरिन राणीने ती पंधरा हजार लिव्रला घेतली, आणि सांगितलं की तुम्ही आहात तोवर पुस्तकं तुमच्याच घरी राहू द्या. तुम्ही माझे ग्रंथपाल, पगार वर्षाला हजार. पुढच्या वर्षी पगार यायचा राहून गेला. राणीला हे कळल्यावर तिने पुन्हा असं होऊ नये म्हणून पन्नास वर्षांचा पगार एकदम धाडून दिला. दिदेरो तेव्हा बावन्न-त्रेपन्नचा. म्हणजे घेतलेला पगार फेडायला त्याला शंभरी ओलांडून नोकरीवर राहणं भाग होतं.

आभार मानायला तो १७७३ साली पीटर्सबर्गला गेला. राणी रोज दुपारी त्याचं ऐकून घ्यायची. बोलताना रंगात आला की समोरच्याच्या मांडीवर थाप मारायची त्याला सवय. समोर रशियाची सम्राज्ञी आहे हे भान कुठलं? शेवटी मांड्या काळ्यानिळ्या झाल्या म्हणून मध्ये टेबल ठेवावं लागलं, असं तिने कळवल्याचं सांगतात. शेतकरी, शाळा, कायदे, सगळ्यांबद्दल त्याने राणीला पानंच्या पानं लिहून दिली. राणीने त्यातलं एकही पान अंमलात आणलं नाही. तुमचं काम कागदावर, कागद काहीही सोसतो. मला माणसाच्या कातडीवर लिहावं लागतं, अशा अर्थाचं काही ती नंतर बोलली. बाई व्यवहारी होती. उठाठेव ऐकायला छान, पाहुण्याला जेवायला घालून परत पाठवायला त्याहून छान.

वर्णनाच्या रकान्यात पोशाख यायलाच हवा. दिदेरोला कोणीतरी किरमिजी रंगाचा झुळझुळीत घरझगा भेट दिला. जुना झगा फेकला. मग नव्या झग्यापुढे वेताची खुर्ची गबाळी दिसू लागली, ती जाऊन चामड्याची आली. मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं, मग घड्याळ. शेवटी सगळं घर नवं झालं आणि घरात बसायला जीव लागेना. या फजितीवर त्याने एक फक्कड निबंध लिहिला. आपल्याकडे सोफा नवा आला की पडदे बदलतात, पडदे बदलले की रंगारी येतो, पण निबंध कोणी लिहीत नाही. आपली खरेदीसुद्धा मानवजातीपुढे मांडणं, ही या जातीची खूण.

दुसरी खूण जिना. दिदेरोनेच कबूल केलंय की जेवणाच्या टेबलावर कोणी टोला हाणला की याची बोबडी वळते, आणि झणझणीत उत्तर सुचतं ते निरोप घेऊन जिन्याच्या तळाशी पोचल्यावर. फ्रेंचांनी या उशिरा सुचणाऱ्या हजरजबाबीपणाला 'जिन्यातली बुद्धी' असं नावच दिलं. बुद्धीवर एवढा विश्वास ठेवणाऱ्यांची बुद्धी अशी एक मजला मागे असायची.

जेवणाशिवाय ही जात जगलीच नसती. मादाम झॉफ्रँकडे सोमवारी चित्रकार, बुधवारी लेखक. बाई फार शिकलेली नव्हती, पण वाद कधी तापतो आणि कधी करपतो हे तिला स्वयंपाकासारखं कळायचं. कोणी सरकारवर वा धर्मावर जास्त घसरू लागलं की, बरं झालं, छान झालं, असं काही म्हणून ती विषय उतरवून ठेवायची. ज्यांना करपवायचंच होतं ते दोलबाककडे जायचे. गुरुवार आणि रविवार. वाइन उत्तम, झाकण कशालाही नाही. स्कॉटलंडचा ह्यूम एकदा तिथे म्हणाला, मी नास्तिक माणूस अजून पाहिलेला नाही. दोलबाकने पंगत मोजून दाखवली : अठराजण बसलेत, त्यांपैकी पंधरा नास्तिक आणि उरलेल्या तिघांचं अजून ठरत नाहीये. व्होल्तेरला हे पटण्यासारखं नव्हतं. त्याच्या टेबलावर पाहुणे देव नाही म्हणू लागले की तो नोकरांना खोलीबाहेर घालवायचा म्हणे. त्यांना हे कळलं तर रात्री माझा गळा कापतील! देव नाकारायलाही आधी नोकर परवडावा लागतो.

ज्यांना ते खाणं भोवलं असे थोडेच, पण ला मेत्री त्यांतला. माणूस म्हणजे एक यंत्र, असं पुस्तकच त्याने १७४७ साली लिहिलं होतं. १७५१ साली बर्लिनला एका मेजवानीत त्याने भरलेलं मांसाचं पाटे इतकं हाणलं की यंत्र कायमचं बंद पडलं. पाद्र्यांनी हा दैवी न्याय समजून बरेच दिवस चवीने चघळला.

बायकांनी बोलवायचं, वाढायचं आणि ऐकायचं, या रिवाजाला एक ठळक अपवाद होता. एमिली द्यु शातले. तिच्या सिरेच्या वाड्यावर व्होल्तेर बरीच वर्षं राहिला. १७३७ साली विज्ञान अकादमीने अग्नीचं स्वरूप काय, या विषयावर स्पर्धा लावली. व्होल्तेर कामाला लागला. लोखंड लाल करून वजन करू लागला, आगीला वजन असतं का पाहायला. एमिली दिवसभर मदत करायची आणि मनात म्हणायची की याचं चुकतंय. तोंडावर कसं सांगणार? म्हणून तिने रात्री जागून, झोप येऊ नये म्हणून गार पाण्यात हात बुडवून, त्याच्या नकळत स्वतःचा निबंध लिहिला आणि परस्पर पाठवून दिला. बक्षीस दोघांनाही मिळालं नाही. जिंकणाऱ्यांत ऑयलर होता. पण अकादमीने दोघांचेही निबंध छापले. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा फ्रेंच अनुवाद तिने केला तो मात्र दिवसाढवळ्या. १७४९ साली बाळंतपणात ती गेली, पुस्तक दहा वर्षांनी निघालं. या सगळ्या पंगतीत मोजकं बोलून मोठं काम करून गेलेलं माणूस शोधायचं तर मी हिच्याकडे बोट दाखवीन.

आता इतिहासाचा रकाना, आणि त्यात सगळी जागा खाऊन बसलेला विश्वकोश. मूळ बेत साधा होता. इंग्रजीत चेंबर्सचा दोन खंडांचा कोश होता. ल ब्रतों नावाच्या प्रकाशकाला त्याचा फ्रेंच अनुवाद हवा होता. हे काम दिदेरोच्या हाती पडलं. उठाठेव करणाऱ्याला अनुवाद सांगितला की काय होतं, ते पाहा : १७५१ ते १७७२, मजकुराचे सतरा खंड, चित्रांचे अकरा, नोंदी सत्तर हजारांवर. चाकूवाल्याचा मुलगा असल्यामुळे कारागिराला प्रश्न विचारायची दिदेरोला लाज नव्हती. मोजे विणण्याच्या यंत्रावर त्याने असा लेख लिहिला की वाचणाऱ्याने वाचतावाचता एक पाय पुढे करावा. राजाच्या वंशावळीला नाही एवढा मान तिथे टाचण्या बनवणाऱ्याला मिळाला.

सगळ्याच नोंदी अशा रसाळ कशा होणार? ब्राझीलमधल्या 'अगुआशिमा' नावाच्या झाडाची नोंद आली. झाड त्या मुलखात होतं, यापलीकडे कोणाला काही ठाऊक नाही. दिदेरोने तेवढं लिहिलं आणि पुढे छापील कोशातच कुरकुर केली, की हे नेमकं कोणासाठी लिहायचं? तिथल्या लोकांना झाड माहीत आहे, इथल्यांना त्याची गरज नाही. पण गाळलं तर कोणी म्हणेल कोश अपुरा आहे, म्हणून घालतोय. कोशात संपादकाचा सुस्कारा ऐकू येणं ही दुर्मीळ गोष्ट.

परीक्षणाला पाद्री बसलेले, म्हणून खोड्या 'पाहा'मधून. नरभक्षकांवरची नोंद वाचा. खाली 'पाहा' म्हणून ख्रिस्ताचं शरीर प्रसाद म्हणून खाण्याच्या विधीकडे बोट. या एका 'पाहा'साठी किती पाद्र्यांनी किती पानं उलटली असतील! सरकारने कोशावर बंदी आणली, उठवली, पुन्हा आणली. १७५२ साली जप्तीचा हुकूम निघाला तेव्हा तो काढणाऱ्या मालझेर्बनेच दिदेरोला आधी निरोप पाठवला, की उद्या माझी माणसं कागद उचलायला येतील. एवढ्या रात्रीत कागद लपवू कुठे? माझ्या घरी पाठवा, तिथे कोण शोधतंय? पुस्तकखात्याचा मुख्य स्वतःच्या हुकुमापासून कागद स्वतःच्या घरात लपवतो. यातलं कुठलं खातं बुद्धिवादी नि कुठलं सरकारी, याचा निवाडा करायला मी तयार नाही.

धोका आला तो दुसऱ्याच दाराने. ल ब्रतों घाबरट. दिदेरोने शेवटची मुद्रितं तपासून सही केली की रात्री हा गुपचूप धोकादायक वाक्यं कापून टाकायचा. १७६४ साली, काहीतरी तपासायला जुना खंड उघडला तेव्हा, दिदेरोला हे कळलं. तो रडला, शिव्या दिल्या, आणि काम करत राहिला. दुसरीकडे झोकूर नावाचा एक सालस सरदार, कोशाच्या सतरा हजार नोंदी याच्या एकट्याच्या. लेखनिकांचे पगार भागवायला त्याने राहतं घर विकलं. विकत कोणी घेतलं? ल ब्रतोंने. मराठी लेखकाला ही गोष्ट परदेशातली वाटणार नाही.

इतिहासात तुरुंगही येतो. १७४९ साली दिदेरोला व्हँसेनच्या किल्ल्यात टाकलं. आंधळ्यांवरच्या एका निबंधात त्याने देवाच्या अस्तित्वाला जरा जास्तच हात लावला होता. त्याच्या सुटकेसाठी प्रकाशकांनी रदबदली केली. विचारस्वातंत्र्य वगैरे काही नाही, आमचे पैसे अडकलेत, असं सांगितलं. ते सरकारला समजलं. सुमारे शंभर दिवसांनी दिदेरो घरी आला.

त्याच किल्ल्याकडे त्याला भेटायला पायी जाताना, वाटेत वर्तमानपत्र वाचणाऱ्या रूसोला दिजाँच्या अकादमीने लावलेल्या निबंधाची जाहिरात दिसली : विद्या आणि कला यांमुळे नीती सुधारली काय? झाडाखाली बसून त्याला असा काही साक्षात्कार झाला की सदऱ्याची छाती आसवांनी ओली झाली. विद्येने माणूस बिघडला, असं त्याने लिहिलं. ते लिहून पाठवलं विद्वानांच्या सभेकडे. सभेने पहिलं बक्षीस दिलं. मग आयुष्यभर तो या जातीत राहून या जातीला शिव्या देत राहिला. घड्याळजीच्या मुलाने घड्याळ विकून टाकलं आणि आता वेळ कळून घ्यायची गरज नाही याचा आनंद लिहून ठेवला. मुलं कशी वाढवावी यावर 'एमिल' लिहिलं. स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली होती. हा हिशेब मी कितीही मांडला तरी जुळत नाही, आणि त्याच्या 'कबुलीजबाबा'तही तो जुळत नाही.

'एमिल' १७६२ साली पॅरिसातही जळलं आणि जिनिव्हातही. लपत फिरणाऱ्या रूसोला १७६६ साली ह्यूमने इंग्लंडला नेलं. हा ह्यूम गोल, शांत, सगळ्यांचा लाडका. दोलबाकने आधीच बजावलं होतं, अस्तनीत साप घेऊन चालला आहेस. ह्यूमने घर शोधलं, राजाकडून पेन्शनची खटपट केली. रूसो एकदा धावत येऊन त्याच्या मांडीवर बसला, गळ्यात पडून रडला. ह्यूमने त्याची पाठ थोपटली. त्या थोपटण्यावरून, हा आपल्याविरुद्ध कट करतोय, हा रूसोचा संशय पक्का झाला. पुढे त्याने पानोपानी आरोपपत्र पाठवलं. त्यात एक मुद्दा असा की फ्रान्समध्ये वाटेत धर्मशाळेत झोपलो असताना ह्यूम झोपेत म्हणाला, झाँ-झाक रूसो माझ्या हातात आलाय. तेही फ्रेंचमध्ये, पुन्हा पुन्हा. ह्यूमने त्यावर लिहिलं की झोपेत मी काय बोलतो याची जबाबदारी कशी घेऊ, आणि मला स्वप्नं फ्रेंचमध्ये पडतात की नाही तेही ठाऊक नाही. मग त्यानेही सगळा पत्रव्यवहार छापून टाकला. खाजगी भांडण खाजगी ठेवलं तर फिलोझोफ कसला?

इथवर वाचून वाटेल, या मंडळींचं सगळं काम रुसवे, जेवणं आणि टोपणनावांत. पण मार्च १७६२ मध्ये तुलूझला झाँ कालास नावाच्या प्रोटेस्टंट कापडवाल्याला चाकावर हाडं मोडून मारलं. त्याचा थोरला मुलगा घरातच मेलेला सापडला होता. तो कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारलं, अशी आवई उठली आणि न्यायालयाने ती मानली. व्होल्तेर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा, तुलूझपासून शेकडो मैलांवर फेर्नेला. तब्येतीबद्दल तर विचारूच नका. तिशीपासून तो प्रत्येक पत्रात मरायला टेकलेला असायचा. गोष्ट कानावर आली तेव्हा तो पहिल्यांदा चेष्टेत काहीतरी बोललाही. मग त्याने कालासच्या धाकट्या पोराला बोलावून उलटसुलट प्रश्न विचारले, तुलूझला माणसं लावून कागद मागवले, आणि तीन वर्षं दुसरं काही बोलला नाही. मंत्री, वकील, राजाच्या जवळच्या बायका, सगळ्यांना पत्रं. १७६३ साली सहिष्णुतेवर पुस्तक. ९ मार्च १७६५ ला निकाल फिरला, कालास निर्दोष. त्याला काय पडलं होतं? ना कालास त्याचा नातेवाईक, ना धर्म त्याचा. तुलूझच्या न्यायालयाच्या मते ही नसती उठाठेवच होती.

हा रोग समुद्र ओलांडून गेला. याच जातीतला टॉमस पेन मुळात बायकांच्या चोळ्या शिवणारा कारागीर. त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हातात पडलं. पुढल्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. तुला काय करायचंय, असं त्यांनाही शेजारीपाजारी विचारतच होते, आणि वडिलांनी तर घराबाहेर काढलं.

राहिला रकाना पत्त्याचा. व्होल्तेरने फेर्ने निवडलं ते हवा चांगली म्हणून नव्हे, तर जिनिव्हाची हद्द हाकेवर होती म्हणून. पॅरिसचा शिपाई दिसला की त्या बाजूला. मे १७७८ मध्ये तो पॅरिसात मेला, तेव्हा चर्च दफनाला जागा देणार नव्हतं. म्हणून त्याला कपडे घालून, जिवंत माणसासारखं बसवून, गाडीतून रातोरात शहराबाहेर काढलं आणि भाच्याच्या मठात पुरलं. मेल्यावरही खोटी बतावणी. दिदेरो आणि दोलबाक, दोघेही पंगतीतले पक्के नास्तिक, सँ-रॉकच्या चर्चमध्ये फरशीखाली गेले. मादाम झॉफ्रँही तिथेच. बैठक पुन्हा जमली, फक्त जेवण नाही. कोणती हाडं कोणाची ते आता सांगता येत नाही.

व्होल्तेरला क्रांतिकारकांनी १७९१ साली काढून पँथिऑनच्या तळघरात आणलं. तीन वर्षांनी रूसोलाही आणलं आणि जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोघांना समोरासमोर ठेवलं. आजही तसेच आहेत. रूसोची लाकडी शवपेटी एका छोट्या देवळासारखी केलेली. तिचं दार किलकिलं आहे आणि आतून एक हात मशाल घेऊन बाहेर आलाय, जणू एक मुद्दा राहून गेला. समोर व्होल्तेर उभा, हातात लेखणी, ओठांवर ते पोलिसांना आवडत नव्हतं तसलं हसू.